अमोनाइटवरची पांढरी पूड बुरशी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका कुटुंबाकडे इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भाच्याने चारमाउथच्या समुद्रकिनाऱ्यावर वेचलेले पायराइटचे छोटे अमोनाइट, म्हणजे समुद्री प्राण्यांच्या गुंडाळलेल्या शंखांचे जीवाश्म, आणून दिले. घरच्यांनी ते कापसात गुंडाळून लाकडी पेटीत, शोकेसमध्ये ठेवले. श्रावणात त्यातल्या तिघांवर पांढरी-पिवळी पूड आली आणि पेटी उघडली की गंधकासारखा वास येऊ लागला. ही बुरशी आहे का? बाकीचे कसे वाचवायचे? भाच्याने पुढच्या खेपेला वेचताना काय बघावं? असे जीवाश्म सोलापूरच्या आसपास मिळतात का? आणि आई म्हणतात की हा तर शाळिग्राम, देवघरात ठेवा; त्याचं काय करायचं?

आधी ते तीन नग बाजूला काढा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. कापूस फेकून द्या आणि लाकडी पेटी पुन्हा या कामाला वापरू नका. पेटीत सांडलेली पूड हाताने झटकू नका. ती आम्लधर्मी असते, बोटांना चुरचुरते आणि डोळ्यात गेली तर त्रास होतो. शोकेसच्या फळीवर पूड पडली असेल तर तिथे खायचा सोडा भुरभुरवा, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसा आणि फळी पूर्ण वाळू द्या. सोडा फळीवर टाकायचा, अमोनाइटवर नाही.

ही बुरशी नाही. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प त्याला एकत्र भेटले की त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. हे सल्फेट म्हणजे हिराकस. पूर्वी काळी शाई करायला आणि कापड रंगवायला वापरायचे तीच. हिराकस मूळ पायराइटपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, म्हणून अमोनाइट आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. संग्रहालयांत याला पायराइट रोग म्हणतात. एके काळी हे जिवाणूंचं काम असावं असा समज होता. पण त्या जिवाणूंना जवळजवळ ओलं वातावरण लागतं आणि रोग तर त्याहून खूप कोरड्या कपाटातही होतो. तेव्हा एका नगाची लागण दुसऱ्याला होत नाही. पण एकाच दमट पेटीत ठेवलेल्या सगळ्यांना तो एकाच वेळी होऊ शकतो, आणि सुटलेलं आम्ल कापूस, लाकूड आणि विशेषतः कागदाची चिठ्ठी खाऊन टाकतं. मोठ्या संग्रहालयांतही नमुना कसाबसा उरला पण कुठून आला ते सांगणारी चिठ्ठी गेली, असं झालेलं आहे.

सगळा खेळ हवेतल्या दमटपणाचा आहे. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हे प्रकरण वेग धरतं. 45 च्या खाली ठेवली तर फार मंदावतं आणि 30 च्या आसपास बहुतेक नमुने वर्षानुवर्षं शांत बसतात. आपलं सोलापूर पर्जन्यछायेतलं, त्यामुळे कोकणातल्या संग्राहकापेक्षा आपण सुखी. एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की अमोनाइट उघड्यावर ठेवले तरी चालेल. पण याच कोरडेपणामुळे लोक बेसावध राहतात आणि आषाढ ते आश्विन या काळात घात होतो. त्यात तुमचा कापूस! कापूस ओल धरून ठेवतो आणि ती नेमकी नमुन्याच्या अंगाला लावून ठेवतो. लाकूड आणि प्लायवुड आपल्याकडचं आम्ल हवेत सोडतात, ते वेगळंच.

आता त्या तिघांचं. आधी मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण सफाईत तुकडे पडू शकतात. मग नाकाला मास्क लावून, वर्तमानपत्रावर, मऊ कोरड्या टूथब्रशने पूड झाडा. खाचांतली पूड लाकडी टूथपिकने काढा. पाणी लावायचं नाही, ओलं फडकंही नाही. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, शक्य तितक्या जास्त टक्क्यांचं घ्या, दोनदा बुडवून काढा आणि पंख्याखाली वाळवा. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातलं निरांजन विझलेलं आहे ना, ते बघा. वाळल्यावर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत बंद करा आणि पंधरवडाभर उघडू नका. पुन्हा पूड आली तर तो नग आतपर्यंत पोखरला आहे असं धरा. संग्रहालयांत एथॅनोलअमाइन थायोग्लायकोलेट नावाचं रसायन अल्कोहोलमध्ये मिसळून वापरतात. ते हिराकस विरघळवतं आणि लोहाशी गाठ पडली की जांभळं होतं, त्यावरून काम चालू आहे हे कळतं. ते विषारी आणि भयंकर वासाचं आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचं हे काम नाही. जे कुजून गेलं ते कशानेही परत येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

चांगल्या राहिलेल्या नगांना हेच करा: कोरडा ब्रश, अल्कोहोल, वाळवण, डबा. डबा जेवणाचा चालतो, झाकणाला रबर असलेला. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. तो काही शेकड्यांत मिळतो आणि या छंदातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. निळं सिलिका जेल टाळा. त्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते आरोग्याला वाईट. नारिंगी घ्या. रंग बदलला की वेगळ्या जुन्या ट्रेमध्ये ओव्हनला 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा कामाला येतं. प्रत्येक नगाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून वेगळ्या झिप पिशवीत ठेवा. नगाच्या अंगाला चिकटवू नका.

लेपाचं म्हणाल, तर लोक हमखास चुकीचं लावतात. फेविकॉल पाण्यात कालवलेला असतो, म्हणजे तुम्ही पाणीच लावलंत. नखांचं पारदर्शक पॉलिश काही वर्षांत पिवळं पडतं आणि त्याचे पोपडे निघतात. खोबरेल तेल लावलं तर धूळ बसते. आणि चकाकी आणायला चिंच, लिंबू किंवा पीतांबरी लावायचा मोह झाला तर हात आवरा. पितळेचं भांडं घासायचा तो उपाय आहे, इथे तुम्ही आम्लाच्या रोग्याला आम्लच पाजता. लावायचंच असेल तर पॅरालॉइड बी-72 हे ॲक्रिलिक राळेचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून पाच ते दहा टक्क्यांचं पातळ द्रावण करा. ते नंतर ॲसिटोननेच काढताही येतं. पण कोणताही लेप बाष्प पूर्ण अडवत नाही. लेप लावून शोकेसमध्ये उघडं ठेवायचं असेल तर लेप न लावता डब्यात ठेवलेलं बरं.

अमोनाइट सोन्यासारखा का होतो हे कळलं की वेचताना डोळा आपोआप तयार होतो. हे प्राणी माखली आणि नॉटिलस यांच्या गणगोतातले. शंख एकाच पातळीत गुंडाळलेला, आत पडद्यांनी पाडलेले कप्पे, प्राणी राहायचा तो फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात. मेलेला अमोनाइट ऑक्सिजन नसलेल्या चिखलात पडला की तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखलातल्या लोहाशी त्याची गाठ पडून शेवटी पायराइट बनतं. आतले बंद कप्पे पोकळ असल्यामुळे तिथे ते निवांत साठतं. बाहेरचा राहण्याचा कप्पा मात्र उघडा, त्यात चिखल भरतो आणि वरच्या थरांच्या वजनाने तो चेपला जातो. म्हणून किनाऱ्यावर मिळणारे सोनेरी अमोनाइट बहुतेक नखाएवढे, फार तर रुपयाच्या नाण्याएवढे असतात. प्राणी लहान होता असं नाही, आतला गाभा तेवढा उरला. मूळ शंख विरघळून गेलेला असतो. 10 पटींच्या भिंगाखाली पाहिलंत तर पायराइटच्या साच्यावर कडेने नागमोडी, दंतुर रेषा दिसतील. प्रत्येक रेषा म्हणजे एक पडदा जिथे शंखाच्या भिंतीला भिडला होता ती जागा. तुम्ही पाठवलेल्या फोटोतला एक नग मला एकिओसेरास या जातकुळीतला अमोनाइट वाटतो. बारीक वेढे, एकमेकांवर न चढलेले, आणि त्यांच्यावर सरळ, ठसठशीत, अंतराअंतरावर आलेले कंगोरे. भिंग घेऊन बाहेरच्या कडेला मध्यभागी एक कणा दिसतो का ते पाहा. दिसला तर माझं अनुमान पक्कं.

चारमाउथचे खडक सुरुवातीच्या जुरासिक काळातले, साधारण 19 ते 20 कोटी वर्षांपूर्वीचे काळपट मऊ चिखलखडक. हा किनारा 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. शेजारचं लाइम रीजिस म्हणजे मेरी ॲनिंगचं गाव. 1799 ते 1847 एवढ्या आयुष्यात तिने याच कड्यांतून सागरी सरीसृपांचे सांगाडे बाहेर काढले. भाच्याला सांगा की कड्याकडे बघायचंही नाही. ते कडे सतत ढासळतात, चिखल वाहून येतो आणि पायथ्याशी उभं राहणं जिवावर बेतू शकतं. तिथल्या संकेतानुसार किनाऱ्यावर सुटं पडलेलं वेचता येतं, कड्यात खणायचं नसतं आणि शास्त्रीय महत्त्वाचं काही सापडलं तर नोंदवायचं असतं. गावातल्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये चौकशी केली की सगळं सांगतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, ओहोटी सुरू झाल्यावर जावं आणि पाणी वळायच्या आधी परतावं. हिवाळ्यातल्या वादळानंतरचे दिवस सर्वात चांगले.

नजर कुठे ठेवायची? पायराइटची घनता पाचाच्या आसपास, साध्या वाळूची अडीचच्या थोडी वर. लाटा जड आणि हलकं वेगळं करतात. मोठ्या दगडांच्या आडोशाला, गंजलेले खिळे आणि पायराइटचे बेढब गोळे जमलेले दिसले की तिथेच बसावं आणि गुडघ्यांवर राहून बारीक खडी चाळावी. चालत चालत काही सापडत नाही.

सापडलेलं सगळं खिशात घालू नये, इथे निवड महत्त्वाची. पितळी चकाकी असलेला, हाताला अपेक्षेपेक्षा जड लागणारा, पडद्यांच्या रेषा तीक्ष्ण असलेला नग घ्यावा. राखाडी, निस्तेज, चिखल पोटात धरलेला किंवा आधीच हिरवट-पांढरी भुकटी आलेला नग तिथेच ठेवावा, कितीही सुंदर दिसला तरी. पायराइटचे कण जितके सूक्ष्म तितका हवेला मिळणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून मंद, मातकट दिसणारं पायराइट लवकर कुजतं आणि मोठे, चकाकणारे स्फटिक टिकतात. घरी नेल्यावर पहिलं काम मीठ काढणं. गोड्या पाण्यात दोनेक दिवस ठेवावं, पाणी अनेकदा बदलावं, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्यावं. मग लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवावं. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. वाळवायला उशीर झाला तर केलेली मेहनत फुकट.

सोलापुरात अमोनाइट मिळत नाहीत आणि मिळणार नाहीत. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलोय. तो लाव्हा जमिनीवर पसरला, समुद्राच्या तळाशी नाही, आणि वयाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. अमोनाइट पृथ्वीवरून संपले तेही साधारण याच सुमारास. माझ्याकडे विहिरीच्या कामात निघालेले गोल दगड घेऊन लोक येतात, बहुतेक बार्शी-मोहोळकडचे, आणि आत अमोनाइट असेल या आशेने फोडून द्या म्हणतात. बेसॉल्ट कुजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मध्ये गोळा उरतो, एवढंच ते असतं. आपल्या भागातल्या खाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट, कॅल्सेडनी, झिओलाइट ही खनिजं मिळतात. तो छंद इथे राहून करता येतो आणि त्याला डब्याची गरज नाही. लातूरकडे मांजरेच्या गाळात हत्तीसारख्या मोठ्या सस्तन प्राण्यांची हाडं सापडली आहेत, पण ते फार अलीकडचं प्रकरण, आणि असं काही दिसलं तर हलवू नये, जाणकाराला कळवावं.

भारतातले अमोनाइट बघायचे तर कच्छ. भूजच्या परिसरातले जुमारा, कीरा, झुरा, हाबो हे डोंगर-घुमट आणि चारी गावाच्या नावाने ओळखला जाणारा जुरासिक थर. जीवाश्मतज्ज्ञ वागेन यांनी 1873 ते 1875 मध्ये इथल्या अमोनाइटांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि दुसरे जीवाश्मतज्ज्ञ स्पाथ यांनी 1927 ते 1933 मध्ये ते सगळं पुन्हा तपासलं. आजही जगभरचे अभ्यासक त्यांचाच हवाला देतात. तिथे एक सोनेरी दिसणारा खडकही आहे, गोल्डन ऊलाइट. नवखे लोक त्याला पायराइट समजतात. तो रंग लोहाचा लेप बसलेल्या बारीक गोल दाण्यांचा असतो. कच्छच्या उघड्या टेकड्यांवर पायराइटचा अमोनाइट मिळेल ही आशा ठेवू नका, कारण उन्हापावसात पायराइट टिकत नाही, त्याचं तपकिरी लोहखनिज होतं. दुसरी जागा तामिळनाडूतलं अरियालूर. चेन्नईपर्यंत आपल्या लाइनने जायचं, पुढे तिरुचिरापल्लीच्या कॉर्ड लाइनवर ते स्टेशन आहे. तिथले क्रेटेशिअस, म्हणजे जुरासिकनंतरच्या काळातले थर, विशेषतः कराई गावाजवळचं जिप्समच्या पट्ट्यांनी भरलेलं चिकणमातीचं माळरान, बघण्यासारखं आहे. सिमेंट कंपन्यांच्या खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. या दोन्ही ठिकाणी एकट्याने हातोडी घेऊन जाण्यापेक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या सहलीबरोबर जावं. सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात विचारून बघा.

विकत घ्यायचा विचार करत असाल तर बाजारात येणारे बरेच सोनेरी अमोनाइट रशियातले. मादागास्करचे कापून पॉलिश केलेले अर्धे नग कॅल्साइटचे असतात, त्यांना पायराइट म्हणून विकलं तर घेऊ नका. सोनेरी रंग मारलेले राळेचे नगही येतात. ओळखायला सराफाचा काटा पुरेसा. ओळखीच्या सराफाकडे नग आधी हवेत तोला, मग दोऱ्याने लटकवून पाण्यात बुडालेला तोला. समजा हवेत 12 ग्रॅम आणि पाण्यात 9.4 भरला, तर फरक 2.6. 12 ला 2.6 ने भागा, घनता 4.6 येते. पायराइटचा खरा नग, थोडा चिखल धरला तरी, साधारण साडेतीन ते पाचच्या मध्ये बसतो. कॅल्साइटचा 2.7 च्या आसपास, राळेचा त्याहूनही कमी. आठाच्या वर गेला तर तुम्ही पितळेचा ओतीव नग तोलताय. तोलून झाल्यावर लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवायचं, हे आता सांगायला नकोच.

राहिलं आईंचं म्हणणं. त्या पूर्ण चुकलेल्या नाहीत. गंडकीच्या शाळिग्रामातलं चक्र म्हणजे बहुतेक वेळा अमोनाइटच. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूच्या काळ्या खडकांतून गाठी सुटतात, नदी त्या घासून गोल करते. काही शाळिग्रामांच्या चक्रात सोनेरी रेषा चमकतात, तेही पायराइटच. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, तेव्हा घरोघरी शाळिग्राम असतात आणि रोज त्यांच्यावर पाणी-पंचामृत पडतं, तरी ते टिकतात. कारण तिथे पायराइट घट्ट काळ्या गाठीच्या आत बंद आहे, हवा-पाण्याला उघडा असतो तो थोडाच भाग. अभिषेक झाल्यावर लगेच कोरड्या वस्त्राने पुसलं आणि तुळशीचं ओलं पान रात्रभर वर ठेवलं नाही, की पुरे. चारमाउथचा अमोनाइट मात्र सगळाच उघडा आहे, त्याला एक अभिषेकही सोसणार नाही. आईंना देवघरात ठेवायचाच असेल तर झाकणाच्या पारदर्शक डबीत, खाली सिलिका जेलची पुडी ठेवून ठेवा. गंध आणि अक्षता डबीच्या झाकणावर वाहू द्या.